ब्राझीलचे बेचाळीस साल

बेचाळीस साल म्हटले की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? मुंबईचे गवालिया टँक मैदान, नऊ ऑगस्टची ती पहाट, धरपकड, भूमिगतांची धावपळ. ते साहजिकच आहे. परंतु त्याच ऑगस्ट महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, दक्षिण अमेरिकेतल्या एका अवाढव्य देशातही माणसे रस्त्यावर उतरली होती आणि सरकारी वाड्यावर चालून गेली होती. आपले लोक सरकारला 'चालते व्हा' म्हणून बजावत होते. तिकडचे लोक सरकारला 'युद्ध पुकारा' म्हणून गळ घालत होते. हा देश म्हणजे ब्राझील. त्या देशाने ते एक वर्ष कसे काढले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

ब्राझीलविषयी आपल्याला साधारण तीन गोष्टी ठाऊक असतात. कॉफी, फुटबॉल आणि ॲमेझॉन नदी. दुसऱ्या महायुद्धाशी या देशाचा काही संबंध आला असेल, हे पुष्कळांच्या गावीही नसते. वस्तुस्थिती अशी, की दक्षिण अमेरिकेतून युरोपच्या रणभूमीवर पायदळ पाठवणारा हा एकमेव देश. आणि तो युद्धात ओढला गेला तो १९४२ सालीच.

त्या वेळी तेथे राज्य कोणाचे होते, ते आधी पाहू. जेतुलियो व्हार्गास हे गृहस्थ १९३० च्या क्रांतीत सत्तेवर आले. बुटके, हसतमुख, तोंडात बहुधा चिरूट, आणि मनात काय चालले आहे याचा थांगपत्ता कोणाला लागू न देणारे. १९३७ च्या नोव्हेंबरात त्यांनी संसदेला कुलूप ठोकले, थोड्याच दिवसांत सगळ्या पक्षांवर बंदी घातली आणि आपल्या राजवटीला 'एस्तादो नोव्हो' म्हणजे 'नवे राज्य' असे नाव दिले. हे नाव गोवेकरांच्या कानांना ओळखीचे वाटेल, कारण पोर्तुगालात सालाझारनेही आपल्या राजवटीला हेच नाव दिले होते. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवायला स्वतंत्र प्रचारखाते होते. आणि रेडिओ? रोज संध्याकाळी एक सरकारी कार्यक्रम देशातल्या सगळ्या केंद्रांनी लावलाच पाहिजे, असा दंडकच होता. ऐकणारे त्या वेळी रेडिओ बंद करीत, अशी थट्टा तिकडे चालत असे. पण ती थट्टाही हळू आवाजातच.

अशा राज्यकर्त्याचा ओढा हिटलर-मुसोलिनीकडे असेल असे कोणालाही वाटेल. काहींना तसे वाटतही होते. लष्करातले दोन प्रमुख पुरुष, युद्धमंत्री दुत्रा आणि सेनाप्रमुख गोइस मोंतेरो, यांना जर्मन सैन्याचे कौतुक होते. १९३८ साली ब्राझीलने क्रुप कारखान्याकडे तोफांची मोठी मागणी नोंदवलेली होती. जर्मनी कापूस आणि कॉफी घेई आणि त्या बदल्यात यंत्रे देई. परंतु व्हार्गास यांना खरी तहान होती पोलादाची. देशात लोखंडाचे डोंगरच्या डोंगर. पण रुळाचा तुकडा हवा झाला तर तो परदेशातून आणावा लागे. जो कोणी पोलादाचा कारखाना काढून देईल तो आपला मित्र, असा हा सरळ हिशेब होता. तोवर दोन्ही डगरींवर हात. १९४० च्या सप्टेंबरात अमेरिकेने दोन कोटी डॉलरचे कर्ज कबूल केले, आणि व्हार्गास यांचा एक हात थोडा जड झाला.

पुढे १९४१ च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले आणि दोन डगरींचा खेळ संपण्याची वेळ आली.

१५ जानेवारी १९४२ रोजी अमेरिका खंडातल्या एकवीस प्रजासत्ताकांचे परराष्ट्रमंत्री रिओ दि जानेरो येथे जमले. रिओ ही त्या वेळची राजधानी. बैठक भरली तिरादेंतिस प्रासादात. ही वास्तू म्हणजे ब्राझीलच्या लोकसभेची इमारत. लोकसभा तर चार वर्षांपूर्वीच बंद झालेली. मग त्या इमारतीत होते काय? तेच प्रचारखाते! ज्या सभागृहात लोकांच्या प्रतिनिधींना बोलायची मनाई होती, तेथे बसून मुत्सद्दी मंडळी हुकूमशाहीविरुद्ध ठराव लिहीत होती. आणखी गंमत म्हणजे 'तिरादेंतिस' याचा अर्थ 'दात उपटणारा'. अठराव्या शतकात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध कट केल्याबद्दल फाशी गेलेल्या एका देशभक्ताचे हे टोपणनाव. दात काढण्याचाही तो धंदा करीत असे. त्याला ज्या तुरुंगात ठेवले होते, त्याच्याच जागेवर ही इमारत उभी आहे.

परराष्ट्रमंत्री ओस्वाल्दो आरान्या हे मनापासून लोकशाही राष्ट्रांच्या बाजूचे. जर्मनी, इटली आणि जपान यांच्याशी सर्वांनी संबंध तोडावेत, असा त्यांचा आग्रह. अर्जेंटिना आणि चिली अडून बसले, तेव्हा ठरावातला 'तोडावेत' हा शब्द नरम करून 'तोडण्याची शिफारस' असा करावा लागला. पण ब्राझीलचे काय? सेनापतींनी व्हार्गास यांना सांगितले, की संबंध तोडणे म्हणजे उद्या युद्ध. आणि सात हजार किलोमीटरांहून लांब किनारा राखायला आपल्याजवळ ना जहाजे, ना तोफा. सेनापतींच्या मनात जर्मनीची ओढ असेल, तरी त्यांचे हे म्हणणे खोटे नव्हते, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. त्याचे प्रत्यंतर सात महिन्यांतच आले. व्हार्गास यांनी अमेरिकेकडून शस्त्रांचे वचन घेतले, आणि २८ जानेवारीला शेवटच्या बैठकीत आरान्या यांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले.

फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदमच घडल्या. रिओमध्ये कार्निव्हलचा उत्सव नेहमीसारखा धुमधडाक्याने झाला, ओर्सन वेल्स नावाचा तरुण अमेरिकन दिग्दर्शक त्याचे चित्रण करायला कॅमेरे घेऊन आला होता. आणि रिओपासून जवळच, पेत्रोपोलिस या डोंगरावरच्या गावी, स्टेफान झ्वाइग या जगप्रसिद्ध लेखकाने २२ फेब्रुवारीला पत्नीसह विष घेऊन जीवन संपवले. ज्यू म्हणून ऑस्ट्रियातून परागंदा झालेला हा माणूस. आदल्याच वर्षी त्याने ब्राझीलवर पुस्तक लिहून या देशाला 'भविष्याचा देश' म्हटले होते. त्या भविष्याची वाट पाहण्याइतके बळ त्याच्यात उरले नव्हते. सिंगापूर पडून आठवडाच झाला होता.

सिंगापूरचा येथे उल्लेख सहज केलेला नाही. मलाया गेला, मार्चमध्ये जावा गेला, आणि त्याबरोबर जगातले नव्वद टक्क्यांवर नैसर्गिक रबर जपानच्या हाती पडले. रबराशिवाय ना मोटार चालते, ना विमान उतरते. अमेरिकेची झोप उडाली. मग कोणाला तरी आठवले, की अरे, रबराचे झाड मूळचे ॲमेझॉनच्या रानातलेच की! ही मलायातली झाडे तरी कोठून आली होती? १८७६ साली हेन्री विकहॅम या इंग्रजाने ॲमेझॉनकाठचे सुमारे सत्तर हजार बी बोटीत भरून लंडनच्या क्यू उद्यानात नेले. त्यातले जे थोडे रुजले त्याची रोपे सिंहलद्वीपात आणि मलायात गेली. तेथल्या मळ्यांनी पुढे ॲमेझॉनचा रबराचा धंदा पार बसवला. रबराच्या पैशांवर मानाउस शहरात उभे राहिलेले नाट्यगृह ओस पडले. आता पासष्ट वर्षांनी चाक उलटे फिरले होते.

३ मार्चला वॉशिंग्टन येथे करार झाले. अमेरिकेने वीस कोटी डॉलरची युद्धसामग्री उधारीने देण्याचे मान्य केले. ब्राझीलने रबर आणि खनिजे देण्याचे. इताबिरा येथल्या लोहखनिजाच्या खाणी ब्राझीलच्या हाती याव्यात, अशीही तजवीज झाली. १ जूनला त्यासाठी 'व्हाले दो रिओ दोसे' ही सरकारी कंपनी निघाली. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या लोहखनिज कंपन्यांत गणली गेली. आणि व्होल्ता रेदोंदा येथे व्हार्गास यांचा पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. तो चालू व्हायला मात्र १९४६ साल उजाडले.

याच सुमारास नकाशावरचे आणखी एक गाव अचानक महत्त्वाला चढले. ब्राझीलचा ईशान्य कोपरा आफ्रिकेच्या दिशेने पुढे आलेला आहे. त्या टोकावरचे नाताल हे शहर आफ्रिकेपासून जेमतेम तीन हजार किलोमीटर. गावाबाहेर पार्नामिरिम येथे अमेरिकनांनी प्रचंड विमानतळ बांधला. विमाने तेथून समुद्र ओलांडून पश्चिम आफ्रिका, मग खार्टूम, आणि पुढे थेट आपल्या कराचीपर्यंत येत. हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवर जी अमेरिकन विमाने लढली, त्यांतल्या कित्येकांच्या चाकांना नातालची माती लागलेली होती.

आता समुद्राकडे वळू. संबंध तुटल्यावर जर्मन पाणबुड्यांनी ब्राझीलची जहाजे टिपायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते जुलै या अवधीत डझनभर जहाजे गेली. पण ती गेली दूर, अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, कॅरिबियन समुद्रात. आणि बहुतेक सगळी मालवाहू. मार्चमध्ये सरकारने हुकूम काढला, की या नुकसानीची भरपाई देशातल्या जर्मन, इटालियन आणि जपानी लोकांच्या मालमत्तेतून करून घेतली जाईल. लोक चिडले होते, पण युद्ध अजून वर्तमानपत्रात होते, दाराशी आले नव्हते.

खुद्द व्हार्गास यांना १ मे रोजी रिओमध्ये मोटारीचा अपघात झाला. पाय, हात आणि जबडा मोडला. त्या अंथरुणाभोवतीच दरबार भरू लागला, आणि दोन तटांची भांडणे उघड्यावर आली. ४ जुलैला विद्यार्थ्यांनी हुकूमशाही राष्ट्रांविरुद्ध मोर्चा काढायचे ठरवले. जर्मनधार्जिणा म्हणून ओळखला जाणारा पोलीसप्रमुख फिलिंतो म्युलर मोर्चा होऊ देईना. त्यावरून मंत्र्याशी त्याची जुंपली. आजारी अध्यक्षांनी निकाल दिला तो असा, की भांडणारे दोघेही घरी जा! प्रचारखात्याचा प्रमुखही त्याच लाटेत गेला. मोर्चा मात्र निघाला. कित्येक वर्षांत सरकारने न काढलेला असा हा पहिलाच मोठा मोर्चा.

आणि मग तो ऑगस्ट आला.

तुम्हांला येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागेल. त्या काळी ब्राझीलच्या दक्षिण भागातून उत्तर भागात जाणारा सलग लोहमार्ग नव्हता. रस्ते तर नव्हतेच म्हटले तरी चालेल. रिओहून ईशान्येला जायचे तर बोटीने. आपल्या कोकणच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मुंबईहून गावी जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, हे ज्यांनी ऐकले-पाहिले आहे, त्यांना त्या प्रवासाची कल्पना येईल. बदली झालेले शिपाई, त्यांच्या बायका-मुले, व्यापारी, म्हाताऱ्या आया, सगळे त्याच बोटीवर. समुद्र हाच त्या देशाचा हमरस्ता होता.

'बायपेंदी' ही अशीच एक उतारूंची बोट. मूळची जर्मन बरे का. १८९९ साली हँबुर्गला बांधलेली आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ब्राझीलने जप्त केलेली. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी ती सर्जिपे प्रांताच्या किनाऱ्याने चालली होती. बोटीवर ३०६ माणसे. त्यांत ईशान्येच्या संरक्षणासाठी निघालेली तोफखान्याची एक तुकडी आणि काहींची कुटुंबे. रात्रीच्या जेवणाच्या सुमारास यू-५०७ या जर्मन पाणबुडीने दोन टॉर्पेडो सोडले. काही मिनिटांत बोट तळाला गेली. २७० माणसे बुडाली, ३६ वाचली. त्याच पाणबुडीने त्याच रात्री 'आराराक्वारा' ही दुसरी बोट बुडवली. १४२ पैकी ११ वाचले. पहाट होण्यापूर्वी 'आनिबाल बेनेव्होलो'. १५४ पैकी चार. माणसे झोपेत होती.

१७ तारखेला 'इताजिबा' बुडाली. तिच्यावर त्याच तोफखान्याच्या तुकडीतले उरलेले शिपाई होते. 'आरारा' नावाची एक लहानशी मालबोट जवळून जात होती. तिच्या कप्तानाने बोट थांबवून पाण्यातली माणसे वर घ्यायला सुरुवात केली. बोट थांबलेली पाहून पाणबुडीने तिच्यावरही नेम धरला. तिच्यावरचे वीस जण गेले. पाच बोटींचे मिळून ६०७ बळी. त्यानंतर १९ तारखेला एक शिडाचे गलबतही बुडाले, सुदैवाने त्यात कोणी दगावले नाही.

प्रेते वाहत आली ती आराकाजू शहराजवळच्या वाळूवर. या शहराच्या नावातला 'काजू' हा आपलाच काजू. आपला म्हणजे मूळ त्यांचाच. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून तो गोव्याला आणला आणि नावही तिकडूनच आले. पोपटांच्या काजूचे झाड, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. त्या काजूच्या झाडांच्या गावाबाहेर, ओळख न पटलेली माणसे किनाऱ्याजवळच पुरली. 'बुडालेल्यांचे स्मशान' या नावाने ती जागा आजही ओळखली जाते.

बातमी प्रचारखात्याने १८ ऑगस्टला दिली. आता ती दाबणे शक्यच नव्हते. रिओत दुकाने बंद झाली, विद्यार्थी बाहेर पडले, कामगार आले. मोर्चा परराष्ट्रखात्यावर गेला, अध्यक्षांच्या वाड्यावर गेला. अपघातातून नुकतेच उठलेले व्हार्गास लोकांपुढे आले. फ्लामेंगोच्या समुद्रकाठी जर्मनांचा एक क्लब होता. विद्यार्थी संघटनेने तो ताब्यात घेऊन तेथे आपली कचेरीच थाटली. देशभर जर्मन आणि इटालियन नावांच्या पाट्या फुटू लागल्या. त्या पाटीमागचा दुकानदार हिटलरचा भक्त होता की हिटलरच्या भीतीने पळून आलेला होता, हे विचारायला जमावाला सवड नसते. चार दिवसांनी, २२ ऑगस्टला, ब्राझीलने जर्मनी आणि इटलीविरुद्ध युद्धस्थिती जाहीर केली, आणि ३१ तारखेला त्यावर रीतसर शिक्कामोर्तब झाले.

अमेरिकेनेच ही जहाजे बुडवून आळ जर्मनांवर घातला, अशी कुजबुज पुढे पुष्कळ वर्षे चालू होती. तिला आधार नाही. यू-५०७ आणि तिचा कप्तान हारो शाख्त यांच्या नोंदी जर्मन नौदलाच्याच दप्तरात मिळाल्या. ही पाणबुडीही फार दिवस जगली नाही. १३ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकन विमानाने ती ब्राझीलच्याच किनाऱ्याजवळ बुडवली. आतले चोपन्नच्या चोपन्न गेले.

युद्ध जाहीर झाले त्याच्या तिसऱ्या दिवशी रिओमध्ये वॉल्ट डिस्नेच्या एका नव्या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. त्यात झे कारिओका नावाचा एक ब्राझीलियन पोपट आहे. छत्री घेऊन फिरणारा, गोडबोल्या, उडाणटप्पू. शेजाऱ्याशी स्नेह वाढवण्यासाठी अमेरिकेने पाठवलेली ही भेट. लोकांनी तो पोपट आवडीने पाहिला. किनाऱ्यावर प्रेते येत होती, आणि पडद्यावर पोपट नाचत होता. माणसाचे असेच असते.

घरोघरचे जिणे बदलले. पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या बसल्या. अशा मोटारी त्या काळी आपल्याकडेही धावत होत्या. साखरेचे रेशन आले, आणि जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणाऱ्या देशातला माणूस फिकी कॉफी पिऊ लागला. समुद्रकाठच्या वस्तीत रात्री दिवे मालवले जात. जर्मन, इटालियन, जपानी भाषा चारचौघांत बोलायची बंदी. दक्षिणेकडच्या जर्मन खेड्यांत अशा म्हाताऱ्या होत्या की ज्यांना पोर्तुगीज येतच नव्हते. त्यांनी बाजारात जाऊन काय करावे? मुकाट्याने बोट दाखवावे.

फुटबॉलही सुटला नाही. साओ पावलो शहरात इटालियन कामकऱ्यांनी काढलेला 'पालेस्त्रा इतालिया' नावाचा क्लब होता. दडपण येताच त्यांनी मार्चमध्ये नावातली 'इटली' काढली. तेवढ्यावर भागेना. सप्टेंबरात 'पालेस्त्रा'ही टाकून 'पाल्मेइरास' हे नाव घेतले. २० सप्टेंबरला हा संघ नव्या नावाने पहिल्यांदा मैदानात उतरला तो हातांत ब्राझीलचा ध्वज पसरून धरून. प्रेक्षक हुर्यो उडवायला आले होते. त्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. सामना ३-१ ने मारून संघ त्या वर्षीचा अजिंक्य ठरला. आज पाल्मेइरासचे लाखो चाहते आहेत. नावामागे केवढी धास्ती होती, ते त्यांतले जाणतेच सांगतात. वर्ष संपता संपता देशाच्या नाण्याचेही नाव बदलले. १ नोव्हेंबरपासून पोर्तुगीज अमदानीपासूनचे 'रेइस' गेले आणि 'क्रुझेरो' आला.

येथवर जी गोष्ट सांगितली, ती ब्राझीलच्या शाळांतली मुले वाचतात. आता सांगायची आहे ती बराच काळ कोणी मोठ्याने सांगत नसे.

ईशान्येला सेआरा नावाचा प्रांत आहे. समुद्रकाठी वाळू आणि आत काटेरी माळ. आपल्या माणदेशासारखाच पाऊस लहरी. तेथली माणसे गरीब, पण जिवट. १९४१ साली तेथले चार कोळी, जाकारे नावाच्या आपल्या पुढाऱ्याबरोबर, ओंडक्यांच्या शिडाच्या तराफ्यावर बसून फोर्तालेझाहून रिओला निघाले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. एकसष्ट दिवसांनी पोचले. कशासाठी? तर कोळ्यांनाही म्हातारपणी पेन्शन मिळावे, एवढे अध्यक्षांच्या कानावर घालायला. व्हार्गास यांनी त्यांचे स्वागत केले आणि मागणी मान्य केली. ही हकीकत वाचून ओर्सन वेल्स यांनी तिचेच चित्रीकरण करायचे ठरवले. १९ मे १९४२ रोजी, रिओजवळ तराफ्याचे ते दृश्य पुन्हा उभे करीत असताना लाट आली, तराफा उलटला, आणि अडीच हजार किलोमीटर समुद्र तरून आलेला जाकारे किनाऱ्यापाशी बुडाला.

त्याच वर्षी सेआरात दुष्काळ पडला. पेरलेले करपले, गुरे मेली, लोक फोर्तालेझा शहराकडे चालत येऊ लागले. सरकारपुढे एका हाताला अमेरिकेला कबूल केलेले रबर आणि दुसऱ्या हाताला ही भुकेली माणसे. दोन्हींची गाठ घालायला कितीसा वेळ! ३० नोव्हेंबर १९४२ रोजी ॲमेझॉनसाठी मजूर भरतीचे एक खास खाते निघाले. भरती होणाऱ्याला नाव मिळाले 'रबराचा सैनिक'. आघाडीवर लढणाऱ्या सैनिकाइतकाच तुझा मान, असे त्याला सांगण्यात आले. भिंतींवर रंगीत चित्रे लागली. झ्यां-पिएर शाब्लो या स्विस चित्रकाराने ती काढली होती. त्यांत हिरवेगार रान, झाडातून घळघळ वाहणारा चीक, हसरा मजूर. प्रत्येकाला मिळे ते असे: एक निळी विजार, एक पांढरा सदरा, गवती टोपी, वहाणांचा जोड, पत्र्याचा पेला, खोलगट ताटली, चमचा-काटा, झोळण्यासारखा झुलता बिछाना आणि सिगारेटचे एक पाकीट. सामान ठेवायला तागाचे पोते. बंदूक नाही, तिची गरजही नव्हती.

पन्नास हजारांहून जास्त माणसे या वाटेने गेली. बेलेमपर्यंतचा समुद्र पाणबुड्यांच्या धाकातला, मग नदीतून आठवडेच्या आठवडे. वाटेत छावण्यांमध्ये महिनोन् महिने पडून राहणे. जन्मभर ज्याने पाण्यासाठी आकाशाकडे पाहिले, त्या माणसाला एकदम अशा रानात सोडले की जेथे पाऊस थांबत नाही आणि चार झाडांपलीकडचे दिसत नाही.

तेथले काम काय? अंधारात उठायचे, रानातल्या पायवाटेने निघायचे. एका वाटेवर शे-दीडशे झाडे. प्रत्येकाच्या सालीवर सुरीने तिरपी चीर द्यायची, खाली वाटी अडकवायची. त्याच वाटेने परत फिरून चीक गोळा करायचा. दुपारी धुरावर तो थरावर थर ओतून त्याचा गोळा करायचा. ते धुराने डोळे जाण्याचे काम. आणि हे सारे करून हातात पैसा? रबर द्यायचे मळेवाल्याला आणि पीठ, मीठ, औषध घ्यायचे ते त्याच्याच दुकानातून, त्याच्याच भावाने. येतानाचे भाडेही खात्यावर मांडलेले. वही त्याची, लेखणी त्याची. आपल्याकडच्या सावकारी खात्याची ज्याला माहिती आहे, त्याला पुढचे सांगायला नको. करारात काहीही लिहिलेले असो, कर्ज फिटेपर्यंत रान सोडता येत नसे. हिवताप होताच. माणसे हजारोंनी मेली. किती, याचा नेमका आकडा कोणी ठेवलाच नाही, कारण त्यांची हजेरी घेणारा सुभेदार तेथे नव्हता.

बरे, एवढे करून रबर तरी मिळाले का? वाढले ते बेताचेच. दरम्यान अमेरिकेच्या कारखान्यांतून कृत्रिम रबर बाहेर पडू लागले आणि युद्ध संपेतो त्यानेच बाजू सावरली. १९४५ मध्ये मलाया मोकळा झाला. ॲमेझॉनच्या रबराची निकड सरली, आणि रबराच्या सैनिकांचीही.

खऱ्या सैनिकांचे काय झाले? १९४४ च्या जुलैपासून पंचवीस हजारांवर ब्राझीलियन शिपाई इटलीत उतरले. आपले मराठा पलटणींचे जवान त्याच इटलीत लढत होते. यशवंत घाडगे यांनी त्याच जुलैत तेथे देह ठेवला. ब्राझीलच्या सैन्याने बर्फात मोंते कास्तेलोचा डोंगर घेतला. त्यांचे साडेचारशेवर लोक कामी आले. परत आले त्यांची रिओत मिरवणूक निघाली. हुकूमशाहीविरुद्ध लढून आलेल्या या सैन्याला स्वतःच्या घरची हुकूमशाही सहन होईना, आणि २९ ऑक्टोबर १९४५ रोजी व्हार्गास यांना खाली उतरावे लागले. उतरवणारे कोण? तेच दुत्रा आणि गोइस मोंतेरो! राजकारणातल्या अशा गमतींवर वेगळेच भाषण करावे लागेल.

रबराच्या सैनिकांसाठी मिरवणूक नव्हती. परतीचे भाडे मिळेल असे सांगितलेले होते. बहुतेकांना ते मिळाले नाही. कित्येकांना युद्ध संपल्याची बातमीही उशिरा कळली. ते आक्रे आणि ॲमेझोनास प्रांतांत राहिले, तेथेच संसार केले. १९८८ साली देशाला नवी राज्यघटना मिळाली, तेव्हा तिच्यात एक कलम घालून हयात असलेल्या गरजू रबर-सैनिकांना दरमहा दोन किमान वेतनांइतके पेन्शन ठरवले. तोवर तेव्हाचे जवान म्हातारे झाले होते. सैन्यातल्या निवृत्तांना मिळे त्यापेक्षा हे कमीच आहे, म्हणून त्यांच्या संघटना भांडत राहिल्या. शेवटी २०१४ साली आणखी एक घटनादुरुस्ती झाली आणि प्रत्येकाला एकदाच पंचवीस हजार रिआल देण्याचे ठरले. तोवर त्यांतले बहुतेक गेले होते. १९४२ साली ज्या क्रुझेरोचा मोबदला कबूल करून त्यांना रानात नेले, ते नाणेही चलनातून जाऊन वीस वर्षे झाली होती.